सूचना निघाली, पण पोहोचली कोणापर्यंत?

मे 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने रायगड जिल्ह्यातील पोशीर व शिलार या दोन धरण प्रकल्पांना मंजुरी दिली. कर्जत तालुक्यात पोशीर नदीवर होणाऱ्या धरणाचा खर्च सुमारे 6,394 कोटी रुपये असून त्याचे पाणी मुख्यतः मुंबई महानगर प्रदेशाला मिळणार आहे. मोबदल्याच्या दरावर चर्चा होतच राहील. मात्र एक प्रश्न सहसा विचारला जात नाही : बाधित गावपाड्यांतील अंध, कर्णबधिर व चालू न शकणाऱ्या बांधवांना या साऱ्याची माहिती कशी मिळणार?

2013 च्या भूसंपादन कायद्यानुसार पुनर्वसन योजनेच्या मसुद्याला गावात प्रसिद्धी द्यावी लागते, ग्रामसभेत त्यावर चर्चा व्हावी लागते आणि बाधित क्षेत्रात जनसुनावणी घ्यावी लागते. परंतु फलकावरची नोटीस अंधाला वाचता येत नाही, सभेतील भाषण कर्णबधिराला ऐकू येत नाही आणि पायऱ्यांच्या सभागृहात चाकांची खुर्ची चढत नाही. संकेतस्थळावर कागदाची केवळ छायाप्रत टाकली, तर मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या लेखी ते निव्वळ चित्र असते. अशा वेळी हरकत घेण्याची मुदत दिव्यांगाच्या नकळत संपू शकते.

वास्तविक कायदा अपुरा नाही. 19 एप्रिल 2017 पासून लागू झालेल्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार 7 वरून 21 केले आणि माहिती सर्वांना वापरता येईल अशा स्वरूपात देण्याची जबाबदारी शासनावर टाकली. 8 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने, सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशी म्हणून ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारक हवेत, असा निर्णय दिला. पुढे 30 एप्रिल 2025 रोजी, पापण्या मिटता न आल्याने बँकेची ऑनलाइन ओळखपडताळणी करू न शकणाऱ्या आम्लहल्लापीडितांच्या याचिकेवर निकाल देताना, डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे न्यायालयाने स्पष्ट केले.

2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे 29 लाख 63 हजार दिव्यांग होते. त्यांच्यासाठी करावयाच्या गोष्टी फार खर्चिक नाहीत. नोटीस सोप्या मराठीत वाचून तिचे ध्वनिमुद्रण मोबाईलवर पाठवता येईल. सुनावणी तळमजल्यावर घेता येईल, तेथे सांकेतिक भाषेचा दुभाषी बसवता येईल. जे घराबाहेर पडू शकत नाहीत, त्यांचे म्हणणे घरी जाऊन लिहून घेता येईल. ग्रामपंचायतींनी स्वतःच्या उत्पन्नातील 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी राखावा, असा राज्याचा नियम आहेच.

अंध माणसाला विहिरीची वाट आणि शेजाऱ्याचा उंबरठा पावलांनी पाठ झालेला असतो. धरणात घराबरोबर ही ओळखही बुडते आणि नव्या वसाहतीत त्याला पहिल्या पावलापासून सुरुवात करावी लागते. ज्याचे नुकसान सर्वाधिक, त्यालाच सर्वांत शेवटी कळावे, हा न्याय नव्हे. म्हणून जनसुनावणीची तारीख जाहीर करण्यापूर्वी प्रशासनाने गावनिहाय दिव्यांगांची यादी हाती घ्यावी आणि ग्रामसभेनेही ती मागावी.