दोन एक्के आणि समोरचा ढीग

पत्ते म्हटलं की आपल्याकडच्या घरांत दोनच तऱ्हा. मे महिन्याच्या सुट्टीत मुलांबरोबर बदाम सात नाहीतर झब्बू, तो आपला खेळ. आणि गणपतीच्या जागरणाला किंवा दिवाळीत पुरुषमंडळींची तीन पत्ती. तिथे आपलं काम चहा पुरवण्याचं. त्यामुळे पोकरचं नाव काढलं की मैत्रिणी नाक मुरडणार, हे मला ठाऊक आहे. खुशाल मुरडा. पैसे लावून खेळा असं मी म्हणतच नाहीये. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, त्यात पोकर आलं, रमीही आली, तेव्हा मला बरंच वाटलं. त्या जाहिरातींचा वीट आला होता. पण या खेळातली एक गोष्ट मात्र पैशांशिवायही समजून घ्यावी अशी आहे. चांगली पानं हातात आली की किती लावायचं?

खेळ थोडक्यात असा. प्रत्येकाला दोन पानं, ती फक्त आपण बघायची. मग टेबलावर सगळ्यांसाठी आधी तीन, मग एक, मग आणखी एक, अशी पाच पानं उघडी पडतात. आपली दोन आणि ती पाच, यांतून सर्वांत चांगली पाच पानं ज्याची, तो जिंकला. प्रत्येक टप्प्यावर लावायचं, वाढवायचं नाहीतर पानं टाकून बाहेर पडायचं. हातातच दोन एक्के आले तर त्याहून चांगली सुरुवात नाही. दर 221 डावांत सरासरी एकदा ते येतात. तासन्‌तास पानं टाकत बसलेल्या माणसाला ते दिसले की त्याचं काय होत असेल, सांगायला नको.

पण गंमत बघा. दोन एक्क्यांसमोर एकच गडी असेल तर जिंकण्याची शक्यता साधारण 85 टक्के. तेच नऊ जण शेवटपर्यंत राहिले तर ती 31 टक्क्यांवर येते. पानं तीच, समोरची गर्दी वाढली. म्हणून जाणकार सांगतात की एक्के असतील तर सुरुवातीलाच बोली वाढवा, गर्दी कमी करा. चांगली पानं लपवून 'बघा कशी फजिती करते' म्हणत बसलात, तर फजिती बहुधा आपलीच. राजांच्या जोडीचं तर आणखी नाजूक. टेबलावरच्या पहिल्या तीन पानांतच एक्का उतरण्याची शक्यता साधारण 23 टक्के असते, आणि तो उतरला की राजांचा रुबाब निम्म्यावर.

आता खरा मुद्दा, ढिगाचा. स्पर्धेत सगळे सारख्या चिप्स घेऊन बसतात. लास व्हेगासला दर वर्षी 10,000 डॉलर प्रवेश फी असलेली मोठी स्पर्धा होते. 2017 साली तिथे प्रत्येकाला 50,000 चिप्स मिळाल्या होत्या आणि सुरुवातीला मोठी सक्तीची बोली होती 150 ची. म्हणजे समोर 333 बोलींचा ढीग! ज्याचा ढीग दहा बोलींवर आला आहे, त्याने जोडी मिळताच सगळं लावलं तर ते शहाणपणच. सक्तीच्या बोली वाढत जातात, थांबला तर तसाच झिजून जाईल. पण 333 बोली असताना एका जोडीवर सगळं लावणारा माणूस, एक्के असले तरी, मला घाबरवतो.

याचं कारण साधं आहे. तुमच्याकडे एक्क्यांची जोडी आहे आणि समोरच्याकडे काहीच नाही, तर तो थोडं देऊन निघून जाईल. जो शेवटपर्यंत थांबतो, वाढवतो आणि सगळा ढीग पुढे ढकलतो, त्याच्याकडे बहुतेक वेळा एका जोडीहून मोठं काही असतं. म्हणजे जिंकलात तर मूठभर, हरलात तर सगळं. छोटी जोडी घेऊन बसलेल्याचं गणित बरोबर याच्या उलट. त्याला आपल्या जोडीचं तिसरं पान पहिल्या तीन पानांत साडेआठ-नऊ वेळांतून एकदा मिळतं. आठ वेळा तो थोडंसं गमावून निघून जातो, नवव्या वेळी एक्केवाल्याचा अख्खा ढीग उचलतो. समोर मोठे ढीग असतात म्हणूनच त्याला हे परवडतं.

2017 च्या त्या स्पर्धेत अगदी पहिल्याच टप्प्यात असा डाव झाला, आणि तो दोन बायकांमध्ये झाला. तिथे शंभरात चारच्या आसपास बायका असतात, म्हणून हे विशेष. अमेरिकेची व्हेनेसा सेल्ब्स्ट, तेव्हा पोकरमध्ये सर्वांत जास्त बक्षिसं कमावलेली स्त्री. तिच्या हातात दोन एक्के. समोर फ्रान्सची गाएल बोमान, हातात सत्तीची जोडी. टेबलावर आलं एक्का, सत्ती, पंजी. एकीचे तीन एक्के झाले, दुसरीच्या तीन सत्त्या. चौथं पान पुन्हा सत्ती! बोमानच्या चार सत्त्या झाल्या. सेल्ब्स्टकडे तीन एक्के आणि दोन सत्त्या, म्हणजे फुल हाउस, आणि आता तिला वाचवणारं गड्डीत एकच पान, चौथा एक्का. तो आला नाही. 50,000 चिप्स गेल्या आणि जगातली अव्वल खेळाडू पहिल्याच दिवशी बाहेर.

लगेच 'इतकं कशाला लावायचं' म्हणणारे निघालेच. मला ते पटत नाही. सेल्ब्स्टने एका जोडीवर ढीग लावला नव्हता. टेबलावरची पानं बघता तिला हरवणारी एकच गोष्ट होती, हातात नेमक्या उरलेल्या दोन सत्त्या. तिथे माघार घेणं जवळपास अशक्यच. हरली म्हणून तिचा निर्णय चुकीचा ठरत नाही.

1995 साली बार्बरा एनराइट याच स्पर्धेच्या शेवटच्या टेबलावर बसली. तिथवर पोचलेली ती पहिली स्त्री. अठ्ठीच्या जोडीवर तिने सगळं लावलं. समोरच्याकडे छक्की आणि तिर्री, म्हणजे ती सरळ पुढे होती. टेबलावर छक्की आली, तिर्रीही आली, आणि ती पाचवी येऊन घरी गेली. तिचाही निर्णय बरोबरच होता. (त्या टेबलावर पुढची बाई बसायला 2025 साल उजाडलं. स्पेनची लिओ मार्गेट्स, सातवी आली.)

उलट एखादा नुसत्या एक्क्यांच्या जोडीवर 333 बोली लावून नशिबाने जिंकला, तर टाळ्या पडतात. टाळ्या निकालाला असतात. आपल्या घरात तरी वेगळं काय चालतं? ओळखीतला प्लॉट 'शंभर टक्के चांगला' म्हणून बाईच्या बांगड्या मोडून सगळी पुंजी एकाच ठिकाणी जाते. भाव वाढला तर 'बघ, मी म्हणत होतो'. बुडाला तर नशीब फुटकं. प्लॉट खरोखर चांगला असेलही हो. पण चांगला आहे म्हणून त्यात किती घालायचं, हा प्रश्न वेगळा आहे, आणि तो बाईने विचारला की तिला भित्री म्हणतात. मला ती भित्री वाटत नाही. ती समोरचा ढीग मोजत असते, बाकीचे हातातल्या पानांकडे बघत असतात.

येत्या गणपतीत जागरणाला बसाल तेव्हा चहा त्यांना करू द्या, आणि चिंचोके घेऊन हा खेळ मांडा. प्रत्येकीला आधी दहा-दहा चिंचोके द्या, बोली एकाची. जोडी आली की सगळ्या बिनधास्त लावतील, आणि ते बरोबर असेल. मग तीनशे-तीनशे देऊन पुन्हा खेळा. ज्या जावेच्या हातात एक्के येतील, तिच्याकडे नीट लक्ष ठेवा. टेबलावर तीन बदाम पडल्यावर तिचा हात चिंचोक्यांच्या ढिगाकडे किती वेगाने जातो, तेवढं बघा.