पिवळ्या मोटारीचा हिशोब

सध्या जुन्या मोटारींचं कौतुक लई माजलंय. कुठल्या सालची, कुणी मागवली, बॉडी कुणी बांधली, सगळी वंशावळ लोकांना पाठ. आपली पोरंही हैदराबादला गेली की चौमहल्ला राजवाड्यात त्या पिवळ्या रोल्स रॉईसपुढं उभं राहून फोटो काढतात. काढा बाबांनो. पण ती कुणाच्या जिवावर आली एवढं तरी विचारा. आपला बीड जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, म्हणून हा सवाल मी माजलगावातनं करतोय.

तिची कुंडली अशी. सहावा निजाम महबूब अली खान यानं ती १९११ साली मागवली आणि त्याच साली तो मेला. मोटार मिळाली पोराला, उस्मान अली खानाला. रोल्स रॉईस कंपनी तेव्हा नुसती इंजिन आणि चासी द्यायची. वरची बॉडी लंडनच्या बार्कर कंपनीनं बांधली. हे बार्कर मूळचे बड्या लोकांच्या बग्ग्या बनवणारे. मागं उंच बैठक, म्हणजे चक्क सिंहासन. राजा रस्त्यानं चालला तरी रयतेच्या डोक्यावरच बसला पाहिजे! एवढं करून ती उभ्या आयुष्यात काहीशे मैलच धावली.

आता ती नीटनेटकी करून मांडलीय. अशी मोटार दुरुस्त करायची म्हणजे कुजलेलं लाकूड तसंच्या तसं नव्यानं घडवायचं, बाजारात न मिळणारा भाग लेथवर काढायचा, जुन्या रंगाची छटा जुळवायची. त्या कारागिराच्या हाताला माझा जयभीम. भांडण त्याच्याशी नाही. भांडण आहे ते मोटारीचा स्क्रू न् स्क्रू शोधणाऱ्यांना माणसं शोधावीशी वाटत नाहीत याच्याशी.

पैसा आला कुठून? सरकारी खजिन्यात शेतसारा यायचा. निजामाची खासगी जमीन, सर्फ-ए-खास, ती वेगळीच. आणि सारा वसूल करायला साहेब दौऱ्यावर आला की त्याचं ओझं महारानं वाहायचं. माझा आजा तराळ. साहेबाची वळकटी डोक्यावर घेऊन घोड्यापुढं पळत पुढच्या गावच्या शिवेपर्यंत जायचं. तिथं दुसऱ्या गावचा महार उभा. मजुरी? शिव्या. त्यानं किती कोस तुडवले ते कुठल्या काट्यावर नोंदलंय?

राज्य गेलं. निजामाला वर्षाला ५० लाखांचा तनखा मिळाला. १९५० ते १९५६ तो हैदराबाद राज्याचा राजप्रमुखही राहिला. तराळाला कसली भरपाई? आणि कुणी याचं हिंदू-मुसलमान करू नका. शिवेवर ओझं उचलायला लावणारे पाटील-कुलकर्णी काय निजामाचे सोयरे होते?

अजून एक गोष्ट फार चवीनं सांगतात. लंडनच्या दुकानात अपमान झाला म्हणून अलवारच्या महाराजानं रोल्स रॉईस घेतल्या आणि कचरा उचलायला लावल्या. कधी हीच गोष्ट निजामाच्या नावावर खपवतात. धड पुरावा एकीलाही नाही. पण तिच्यातला विनोद बघा. मोटारीची सगळ्यात मोठी बेइज्जती कोणती, तर तिला आपल्या सफाई करणाऱ्या भावाचं काम दिलं! यावर आपलीच पोरं टाळ्या देतात. डोकं फिरतं राव.

वाहनाचाच इतिहास पाहिजे ना? मग १९२९ चं चाळीसगाव घ्या. अस्पृश्यांच्या तक्रारी तपासणाऱ्या सरकारी समितीचे सभासद म्हणून फिरताना बाबासाहेब तिथं उतरले. टांगेवाले त्यांना घेऊन जायला तयार होईनात. शेवटी एकानं टांगा भाड्यानं दिला, हाकायला मात्र तो बसला नाही. हाकला आपल्यातल्याच, सवय नसलेल्या माणसानं. पुलाजवळ घोडा उधळला, बाबासाहेब दगडावर आदळले, पाय मोडला. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. त्या टांग्याची वंशावळ कुणाला पाठ आहे?

आजही दिवाळी झाली की आमच्या तालुक्यातनं ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ट्रॉलीत भांडी, शेळी, लेकरं, वर बसलेली बाई. नवराबायकोच्या जोडीला मुकादमाच्या वहीत एकच नाव, ‘कोयता’.

तेव्हा काम सांगतो. ज्याच्या घरी तराळकी, येसकरकी केलेलं म्हातारं माणूस असेल, किंवा त्याचं ऐकलेलं कुणी असेल, त्याच्यापाशी वही घेऊन बसा. गाव, शीव, साहेबाचा हुद्दा, ओझं काय, किती कोस, काय मिळालं, सगळं लिहा आणि पुढच्या अंकाला धाडा. पन्नास नोंदी जमल्या की आपण राजवाड्याच्या व्यवस्थापनाला अर्ज करू : मोटारीशेजारी हीही पाटी लावा. मराठी, तेलुगू, उर्दू, तिन्हीत. अर्जाचा कच्चा मसुदा माझ्याकडं तयार आहे.