घरच्या घरी कूलर दुरुस्ती जीवघेणी का ठरते?

मे महिन्यात भंडारा जिल्ह्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. त्याआधीच घरोघरी लोखंडी कूलर बाहेर निघतात. ताट्या, पंप, वायर बदलण्याची कामे अनेक जण स्वतःच करतात. विदर्भात कूलरचा शॉक लागून मृत्यू झाल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. महावितरणही खबरदारीचे आवाहन करते.

चूक कुठे होते?
कूलरला तीन पिनचा प्लग लागतो. त्यातील जाड पिन अर्थिंगची. दोन तारांची वायर जोडली तरी कूलर चालतो, म्हणून काम जमले असे वाटते. पण पंपाच्या वायरचे आवरण खराब झाले की वीज पाण्यात आणि लोखंडी बॉडीत उतरते. अर्थिंग नसल्याने तिला जमिनीत जायला वाट नसते. ओल्या फरशीवरून कुणी हात लावला की ती त्याच्या शरीरातून जाते.

एमसीबी वाचवत नाही का?
नाही. ६ अँपिअरचा एमसीबी त्याहून जास्त प्रवाह गेल्यावरच पडतो. माणसाचा जीव जायला ०.१ अँपिअरही पुरेसा असतो. ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी मात्र इतकी गळती होताच क्षणात वीज तोडते.

काय करावे?
* पाणी भरताना नुसते बटण बंद करू नका, प्लगच काढा.
* वायर आणि अर्थिंग परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.
* कुणी चिकटल्यास त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा.