बुफेत ‘ट’ नाही, ऑम्लेटमध्ये आहे

सातारा-सांगलीकडच्या लग्नात ‘जेवण बुफे आहे’ हे हमखास कानावर पडतं. इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी टी असूनही ‘बुफेट’ सहसा कुणी म्हणत नाही. अमेरिकी माणूस ‘बफे’ म्हणतो. आपल्या मांडवातला ‘बुफे’ फ्रेंचला अधिक जवळचा. हा शब्द कानाने आला, म्हणून शाबूत राहिला.

डोळ्यांनी आलेल्या शब्दांचं तसं झालं नाही. राज्याचं द्राक्षप्रक्रिया धोरण 2001 साली आलं, सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क आखलं गेलं. थॉमसन, सोनाका, माणिक चमन ही द्राक्षांची नावं जिथे पोरासोरांना पाठ, तिथे वाइनच्या जातींची फ्रेंच नावं छापील कागदावरून पोहोचली. अक्षरं लावून वाचली की ‘मर्लॉट’ होतं, ‘कॅबरनेट सॉव्हिग्नॉन’ होतं. इंग्रजीत ती ‘मर्लो’ आणि ‘कॅबर्ने सोव्हिन्यॉन’.

पाचगणी-महाबळेश्वरला वाढपाचं काम करणारा मुलगा ‘क्रॉइसंट’ म्हणाला, तर त्याला हसणं अन्यायाचं आहे. इंग्रजीत तरी एकच उच्चार कुठे आहे? ब्रिटिश ‘क्वासाँ’ म्हणतात, अमेरिकी ‘क्रसाँट’. माशाचा काटे काढलेला तुकडा लंडनमध्ये ‘फिलिट’, न्यूयॉर्कमध्ये ‘फिले’.

मात्र नोकरीच्या मुलाखतीत उच्चार पाहिला जातो, आणि तो शिकता येतो. फ्रेंचमध्ये शब्दाच्या शेवटचे टी, एस, डी सहसा मुके असतात. त्यांच्यामागे ई आला की ते बोलतात. म्हणून बुफेत ‘ट’ नाही आणि ऑम्लेटमध्ये, कटलेटमध्ये आहे. नियम अर्धाच कळला की उलटी चूक होते. बटाटा आणि लीकचं थंड सूप म्हणजे ‘विशिस्वाझ’. इंग्रजी मातृभाषा असलेलेही त्याला ‘विशिस्वा’ म्हणतात, कारण शेवट गाळला की शब्द जास्त फ्रेंच वाटतो.

इथे देवनागरी फार उपयोगाची आहे. ‘ज्युलिएन’, ‘सोते’ किंवा स्वयंपाकाआधीच्या तयारीसाठीचं ‘मीझाँ प्लास’ असं लिहिलं, की उच्चार जवळपास हाती येतो. अनुनासिक स्वरासाठी चंद्रबिंदूही आहेच.

तेव्हा हॉटेल व्यवस्थापन शिकवणाऱ्या शिक्षकांनी आणि हॉटेलमालकांनी एवढं करावं: मुलांच्या हाती मेनू देताना प्रत्येक फ्रेंच शब्दासमोर त्याचा उच्चार देवनागरीत लिहून द्यावा.