विश्रांती हाडाला, पोराला नव्हे



आज बियाणे, खत, फवारणी यांपैकी कशावरच लिहीत नाही. आज लिहितो आहे ते घरातल्या पंधरा-सोळा वर्षांच्या पोरावर. त्याचा पाय मोडला आहे, मांडीपर्यंत प्लास्टर आहे आणि तो पडवीतल्या बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडला आहे.

तुमच्या घरात असे कुणी नसेल तर उत्तमच. पण शेजारी असेल, भावकीत असेल. मशागतीच्या आणि सुगीच्या घाईत तालुक्याच्या दवाखान्यात अशी पोरे हमखास दिसतात. कुणी ट्रॅक्टरच्या मडगार्डवरून पडलेला, कुणी आंब्यावरून, कुणी मोटारसायकल घसरून. डॉक्टर हाड बसवतात, प्लास्टर घालतात आणि सांगतात, ‘विश्रांती द्या.’ हा एक शब्द दवाखान्यातून घरी येईपर्यंत भलताच अर्थ घेतो. मग पोराला उठू द्यायचे नाही, काही करू द्यायचे नाही, काही विचारायचेही नाही.

मी कृषी पदवीधर आहे, हाडांचा डॉक्टर नव्हे. प्लास्टर कधी काढायचे, पायावर भार कधी द्यायचा, हे डॉक्टरांनीच सांगायचे आणि आपण ऐकायचे. पण नोकरीच्या निमित्ताने पुष्कळ घरांच्या पडवीत बसलो आहे, आणि त्यावरून एक गोष्ट खात्रीने सांगतो. विश्रांती मोडलेल्या हाडाला हवी असते, पोराला नव्हे.

कलमाचा धडा

तुम्ही आंब्याचे कलम बांधता तेव्हा काय करता? खुंट आणि काडी एकमेकांवर नीट बसवता, प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळता आणि सांधा हलू देत नाही. रोज पट्टी सोडून ‘जुळले का’ म्हणून पाहणाऱ्याचे कलम कधी जुळत नाही. हाडाचेही तसेच आहे. मोडलेल्या जागी आधी रक्त साकळते, मग काही आठवड्यांत तिथे मऊ जोड तयार होतो आणि पुढे त्यात चुना भरून तो कठीण होतो. नडगीचे हाड वाढत्या वयातल्या पोराचे असले तरी दोन-तीन महिने घेते. तेवढा काळ सांधा स्थिर पाहिजे. यात घाई चालत नाही.

परंतु कलम बांधले म्हणून तुम्ही ते रोप अंधाऱ्या खोलीत ठेवत नाही. मुळाला पाणी देता, ऊन-सावली बघता. सांधा स्थिर असतो आणि बाकीचे झाड कामात असते. काम थांबलेल्या झाडाचा सांधा कसा जुळेल? आपण पोराच्या बाबतीत नेमके हेच विसरतो.

एका घरची हकिगत

माझ्या कार्यक्षेत्रातल्या एका गावात असाच मुलगा होता. नुकताच नववी पास झालेला. मे महिन्यात ट्रॉलीवरून उडी मारताना नडगी मोडली. घरी चार एकर कोरडवाहू जमीन, आई-वडील आणि आजी. वडील तोंडाने काही बोलले नाहीत, पण पेरणीला आता रोजाने गडी लावावा लागणार, हे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेले होते आणि पोराला ते वाचता येत होते. आईने ताट हातात, पाणी हातात, असे सुरू केले. भेटायला येणारा प्रत्येक जण ‘अरेरे, ऐन वयात काय झालं हे!’ म्हणून जात होता.

तीन आठवड्यांत पोर ओळखू येईना. दिवसा झोप, रात्री मोबाईल. जेवण अर्धवट. एकदा आजीला म्हणाला, ‘माझ्यापायी नुसता खर्च. मी नसतो तर बरं झालं असतं.’

म्हातारी अडाणी, पण शहाणी. तिने लेकाला बाजूला घेतले आणि म्हणाली, ‘अरं, त्याचा पाय मोडलाय, हात न्हाई मोडलं. त्याला कायतरी दे की करायला.’

मी त्या आठवड्यात सोयाबीनच्या उगवण चाचणीसाठी गावात होतो. ती चाचणी त्या पोराला शिकवली. करायला सोपी आहे, तुम्हीही करा. पोत्यातून सरसकट १०० दाणे घ्यावे, निवडून नव्हे. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडाव्यात, वरून दुसरे ओले गोणपाट घालून गुंडाळी करावी आणि सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडावे. सहा-सात दिवसांनी चांगले कोंब आलेले दाणे मोजावेत. ७० किंवा जास्त उगवले तर एकरी ३० किलो बियाणे पुरे. त्याखाली प्रत्येक दाण्यामागे एकरी अर्धा किलो बियाणे वाढवावे. ६० च्या खाली आले तर ते बियाणे पेरूच नये.

पोराने बाजेवर बसून चाचणी केली. दाणे उगवले ६४. त्याने वहीत हिशेब मांडला. सहा दाणे कमी, म्हणजे एकरी ३ किलो जादा, म्हणजे ३३ किलो. चार एकरांना १२० किलोऐवजी १३२ किलो. वडिलांनी तो आकडा दोनदा विचारला आणि १२ किलो बियाणे वाढवले. बस, एवढेच झाले. पण त्या दिवशी पोर सगळ्यांबरोबर पंगतीत बसून जेवले.

मग शेजारीपाजारी आपापले बियाणे घेऊन येऊ लागले. अकरा घरांची चाचणी त्याने केली. एका घरचे ५२ च उगवले, त्यांनी ते बियाणे बाजूला काढले. पुढे त्याने अंगणात सरळ बाजूंचा पत्र्याचा डबा ठेवला आणि रोज सकाळी पट्टीने पाऊस मोजून नोंद केली. पहिला पाऊस ३८ मिलिमीटर झाला तेव्हा निम्म्या गावाने तिफण धरली. पोर म्हणाले, ‘आबा, पंचाहत्तर ते शंभर झाल्याशिवाय नको.’ आबा थांबले. गडी मिळत नव्हता हेही एक कारण होते, ते काही लपवत नाही.

एक गोष्ट स्वच्छ सांगतो. या उद्योगांमुळे त्याचे प्लास्टर एक दिवसही लवकर निघाले नाही. निघाले तेव्हा पाय काठीसारखा बारीक झालेला, गुडघा वाकेना, आणि पोर रडले. नंतर दोन महिने रोजचा व्यायाम होताच. पण तो व्यायाम त्याने कंटाळा न करता केला, कारण आपली कुणाला तरी गरज आहे हे तोवर त्याला कळले होते.

तुम्ही काय करावे?

पहिले, धोक्याची खूण ओळखा. प्लास्टरखालची बोटे निळी किंवा पांढरी पडली, सुजली, बधिर झाली, आतून दुर्गंधी येऊ लागली किंवा वेदना वाढतच चालल्या, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच क्षणी दवाखाना गाठा. गावठी उपचारात कामट्या लावून करकचून बांधल्याने रक्तपुरवठा बंद पडून हात-पाय गमावण्याची वेळ येते. मग बैल गेला आणि झोपा केला, अशी गत होते. प्लास्टरमध्ये खाज सुटली म्हणून काडी किंवा सुई घालू नये. प्लास्टर ओले होऊ देऊ नये.

दुसरे, मोकळे अंग हलते ठेवा. पायाला प्लास्टर असेल तर बाहेर राहिलेली बोटे तासातासाला दहा वेळा हलवावीत. मांडीचा स्नायू आवळून धरणे आणि सोडणे हा व्यायाम पडल्या पडल्या होतो, तो डॉक्टरांना विचारून सुरू करावा. हात धडधाकट आहेत, त्यांना काम द्यावे, कारण पुढे कुबड्या पेलायच्या आहेत त्या हातांनीच. कुबडीचा वरचा टोक बगलेत रुतू नये. मध्ये दोन-तीन बोटांचे अंतर असावे आणि भार तळहातावर घ्यावा. बसलेले असताना पाय उशीवर उंच ठेवावा.

तिसरे, खाणे. हाडाला महागडे डबे लागत नाहीत. दूध, दही, नाचणीची भाकरी, तिळाची चटणी, डाळी, मटकी-हुलग्याची उसळ, पालेभाजी आणि चालत असेल त्या घरात अंडी, मासे. रोज थोडा वेळ अंगावर ऊन घ्यावे. बिडी, तंबाखू, गुटखा यांनी हाड जुळायला उशीर होतो. बाजेवर रिकामा पडलेला पोरगा नेमका याच नादाला लागतो, म्हणून लक्ष असू द्या.

चौथे, खरे काम द्या. वेळ जावा म्हणून दिलेले खोटे काम पोरांना लगेच कळते. दुधाचा हिशेब, मजुरीची नोंद, खताच्या पावत्या, पावसाची वही, रोपवाटिकेच्या पिशव्या भरणे, भाजीपाल्याच्या बियाण्याची चाचणी, बाजारभाव आणि हवामानाचा अंदाज मोबाईलवर पाहून घरात सांगणे, अशी किती तरी कामे बसून होतात. त्याने सांगितलेला आकडा विचारात घ्या, त्यावरून निर्णय करा. कडबाकुट्टी, विजेची मोटार, विळा-कोयता आणि कीटकनाशके यांच्याजवळ मात्र त्याला बसवू नका.

पाचवे, शाळा सुटू देऊ नका. मुख्याध्यापकांना स्वतः जाऊन भेटा. गृहपाठ मित्राच्या हाती येऊ शकतो. लिहिता हात मोडला असेल आणि परीक्षा जवळ आली असेल, तर डॉक्टरांच्या दाखल्यावर लेखनिक मिळण्याबाबत वेळेत विचारा. आणि त्याचे मित्र घरी आले तर हाकलू नका. पोरांचा दंगा हेही एक औषधच आहे.

मुलीचे दुखणे

भगिनींनो, एक गोष्ट खास तुमच्यासाठी. मुलाचा पाय मोडला की त्याला गरजेपेक्षा जास्त विश्रांती मिळते. मुलीचा हात मोडला की तिला गरजेएवढीही मिळत नाही. आठ दिवसांत ती एका हाताने भांडी घासताना दिसते आणि प्लास्टर निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी कणीक तिच्यापुढे येते. वर पुन्हा ‘हात वाकडा राहिला तर लग्नाचं कसं?’ हे तिच्या देखत बोलले जाते. सांधा जुळायला तिलाही तेवढाच वेळ लागतो. तिलाही वही द्या, हिशेब द्या, शाळेत धाडा. आणि लग्नाची काळजी तिच्या कानाआड करा, तीही खरोखर करावीशी वाटली तरच.

मनावरची जखम

पाय मोडलेल्या पोराने चिडणे, रडणे, दोन दिवस न बोलणे हे स्वाभाविक आहे. त्याला ‘पुरुषासारखा पुरुष, रडतोस काय?’ म्हणू नका. पण आठवडा-दोन आठवडे जेवण नाही, झोप नाही, कुणाशी बोलणे नाही, आणि ‘मी नसतो तर’ अशी भाषा कानावर आली, तर ते हसण्यावारी नेऊ नका. त्याच्याजवळ बसा, सरळ विचारा आणि डॉक्टरांना सांगा. घरातली कीटकनाशके कुलपात ठेवा. ‘टेलीमानस’ या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून फोनवरून मोफत सल्ला मिळतो, तो क्रमांक घरात लिहून ठेवा.

कधी कधी अंग पहिल्यासारखे होतच नाही, हेही सत्य आहे. सांगली जिल्ह्यात आटपाडी तालुक्यातल्या करगणीचे सचिन खिलारी हे शेतकऱ्याच्या घरातले. नववीत असताना सायकलवरून पडून त्यांचा डावा हात मोडला. पुढे जखम चिघळून गँगरीन झाले, अनेक शस्त्रक्रिया झाल्या आणि हात पूर्ववत झालाच नाही. ते शिकले, अभियंता झाले. आधी भालाफेक करत होते, खांद्याला दुखापत झाली तेव्हा गोळाफेकीकडे वळले. २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये त्यांनी १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्यपदक मिळवले. प्रत्येक पोराने पदक आणावे असे मी म्हणत नाही. उजवा हात शाबूत होता, आणि त्या हाताला त्यांनी काम दिले, एवढेच ध्यानात घ्या.

तेव्हा आज संध्याकाळी एक करा. शेतातून आल्यावर बाजेपाशी बसा आणि ‘कसं वाटतंय?’ हे रोजचे विचारून झाले की पुढे आणखी एक विचारा, ‘अरे, यंदा तुकड्यात काय पेरावं, तुला काय वाटतं?’ आणि मग तो बोलेपर्यंत थांबा. उत्तर लगेच येणार नाही. कलमाला फूट यायलाही दिवस लागतात.

पुढील अंकी बीजप्रक्रियेविषयी बोलू.