थकलेला डॉक्टर रुग्णाच्या हिताचा नाही



डॉक्टरांच्या कामाचे तास कमी केले तर जालन्यासारख्या जिल्ह्यात रुग्णांचे हाल होतील, हे एका वाचकपत्रातील मत वाचले. त्यामागची काळजी खरी आहे. निष्कर्ष मात्र पटत नाही.

निवासी डॉक्टरांना एका वेळी १२ तासांहून अधिक काम नको, आठवड्याला साधारण ४८ तास पुरेत, असे केंद्राने ५ जून १९९२ रोजीच सांगितले. तरीही २०२४मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाला आठवड्याला ७४ तासांची मर्यादा सुचवावी लागली. अंमलबजावणी किती झाली, ते यावरून कळते.

रात्रभर जागलेल्या डॉक्टरच्या हातून औषधाची मात्रा चुकली, तर भोगतो रुग्णच. न्यूयॉर्कमध्ये १९८४ साली लिबी झायन या तरुणीचा दीर्घ पाळीतील निवासी डॉक्टरांच्या देखरेखीखाली असताना मृत्यू झाला. त्यानंतर १९८९मध्ये तिथे आठवड्याला ८० तासांचे बंधन आले. रुग्णाच्या सुरक्षिततेसाठीच.

जालन्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४मध्ये सुरू झाले. तिथे पहिल्यापासूनच कामाच्या तासांची ही शिस्त लावावी. डॉक्टर अपुरे असतील तर रिक्त पदे भरा. अंबड, परतूर, भोकरदनची रुग्णालये सक्षम करा. मनुष्यबळाची तूट डॉक्टरांची झोप मोडून भरू नका.

– एक वाचक, अंबड (जि. जालना)