मुलीला जनावरांच्या कामाला पाठवावे का?



धायरीच्या एका भगिनीने विचारलेला प्रश्न आम्ही आज घेत आहोत, कारण तो त्यांच्या एकट्यांचा नाही. त्या सोसायट्यांमध्ये घरकाम करतात, यजमान लेथवर आहेत. थोरली मुलगी अकरावी शास्त्र शाखेत शिकते. तिला डॉक्टर किंवा इंजिनिअर व्हायचे नाही. प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. करायची आहे. इथवर घरात कोणाची हरकत नव्हती. पण आता ती म्हणते, मे महिन्याच्या सुट्टीत रोज दोन-तीन तास एखाद्या जनावरांच्या दवाखान्यात नाहीतर गोठ्यावर जाऊन काम करीन, म्हणजे हा विषय आपल्याला झेपतो का ते कळेल. हे ऐकून आजोबा भडकले. "ढोरं ओढायची आम्ही सोडली, ती काय नातीनं शेण काढावं म्हणून?" ताई विचारतात, आम्ही कोणाचे ऐकावे?

ताई, आधी आजोबांच्या रागाबद्दल. तो राग खोटा नाही. गावातले मेलेले जनावर ओढून नेणे हे आपल्या माणसांवर जन्माने लादलेले काम होते. त्याला ना ठरलेली मजुरी, ना नकार देण्याची सोय. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत मांस सोडा, ही लाजिरवाणी कामे सोडा असे सांगितले, आणि गावोगावच्या लोकांनी बहिष्कार सोसून ती सोडली. कनिष्ठ गावकामगारांची वतने कायद्याने जायला १९५८ साल उजाडले. ज्या म्हाताऱ्या माणसाने लहानपणी हे डोळ्यांनी पाहिले, त्याला नातीच्या हातात फावडे दिसले की पोटात कालवणारच. मुलीने त्यांच्याशी वाद घालू नये, त्यांचे ऐकून घ्यावे.

परंतु आजोबांचा राग ज्या गोष्टीवर आहे ती शेण नव्हे. शेण तर पाटलाच्या घरातही निघत होते. राग आहे तो 'तूच काढायचे, आणि तेवढेच करायचे' या हुकमावर. मुलगी जे मागते आहे त्यात तो हुकूम कोठे आहे? ती स्वतः जाते, दोन महिन्यांनी परत येते, आणि येताना काहीतरी शिकून येते. या तिन्ही गोष्टी असतील तर पाठवा. यातली एकही नसेल तर आजोबांचेच ऐका.

आता एका प्रसिद्ध माणसाची गोष्ट सांगतो. पक्षितज्ज्ञ सलीम अली यांचे नाव शाळेच्या पुस्तकात सर्वांनी वाचले आहे. १९०८ च्या सुमारास, बारा-एक वर्षांचे असताना, त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कसली चिमणी, असा प्रश्न पडला. त्यांचे मामा अमिरुद्दीन तय्यबजी हे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद. मामांनी मुलाला सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्याकडे पाठवले. मिलार्ड यांनी पोराला हाकलले नाही. कपाटे उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवले, आणि पुढे मेलेल्या पक्ष्याची कातडी सोलून ती जतन कशी करायची हेही त्याला तिथेच शिकायला मिळाले. १९१७ नंतर मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात त्यांनी प्राणिशास्त्राचे धडे घेतले. म्हणजे हाताचे काम आधी आणि कॉलेज नंतर.

या गोष्टीत आम्हाला दोन गोष्टी दिसतात. पहिली अशी की मेलेल्या प्राण्याची कातडी सोलणे हेच काम एका घरच्या मुलाने केले की त्याला शास्त्र म्हणतात आणि दुसऱ्या घरच्या मुलाने केले की विटाळ. काम तेच, सुरीही तीच. दुसरी गोष्ट मामांची. सलीम अलींना ओळख करून देणारा मामा होता. आपल्या मुलांना मामा भरपूर, पण कोणी वॉचमन, कोणी रिक्षावर, कोणी बिगारी. संग्रहालयाच्या सचिवाला चिठ्ठी देणारा मामा आपल्यात क्वचित. हा मामा आपल्या मुलीला स्वतः कमवावा लागतो, आणि सुट्टीतले काम हा तो कमावण्याचा रस्ता आहे. ज्या डॉक्टरने तिला दोन महिने वेळेवर येताना आणि मन लावून काम करताना पाहिले, तो उद्या तिच्यासाठी चार ओळी लिहून देईल.

मामा नसताना पुढे गेलेला माणूस पाहायचा तर धायरीहून फार लांब जायला नको. नवले पूल ओलांडला, आंबेगाव मागे टाकले की कात्रज. तिथले सर्पोद्यान १९८६ साली उभे राहिले ते नीलिमकुमार खैरे यांच्या खटपटीतून. हे गृहस्थ माथेरानला एका हॉलिडे होमवर नोकरीला होते. आवारात साप निघत, नोकर ते मारून टाकत. ते पाहून यांनी साप धरून लांब सोडायला सुरुवात केली आणि नोकरी करता करता साप शिकले. १९८० साली पुण्यात ७२ विषारी सापांबरोबर काचेच्या खोलीत ७२ तास बसून त्यांनी लोकांना दाखवले की साप उगाच चावत नाही. (हा भाग मुलांनी कृपा करून घरी करून पाहू नये.) सर्पोद्यानालाच लागून १९९९ पासून महापालिकेचे राजीव गांधी प्राणिसंग्रहालय आहे, १३० एकरांचे. बुधवार सोडून कधीही मुलांना घेऊन जा.

पुन्हा आजोबांकडे येतो, कारण खरी गंमत तिथे आहे. जी माणसे ढोरे ओढत होती त्यांना जनावरांच्या रोगांचे ज्ञान नव्हते का? फऱ्या कशाने ओळखावा, घटसर्पात गळा कसा सुजतो, हे त्यांना ठाऊक होते. काळपुळीने मेलेल्या जनावराचे नाका-तोंडातून काळसर, न गोठणारे रक्त येते. त्याला सुरी लावली तर माणूसही जातो, हे जाणत्यांना माहीत असे, आणि ज्यांना माहीत नव्हते ते दगावले. आज पशुवैद्यकाच्या पुस्तकात हेच छापलेले आहे की काळपुळीच्या जनावराचे शव उघडू नये. आपल्या लोकांचे हे ज्ञान वहीत उतरले नाही, कारण हातात वही येऊच दिली नाही. तमिळनाडूतील इरुळा आदिवासींचे उदाहरण पाहा. सापाच्या विषावरचे औषध बनवण्यासाठी लागणारे विष त्यांची सहकारी संस्था १९७८ पासून काढते. २०२३ साली त्यांच्यातल्या वडिवेल गोपाल आणि मासी सदैयन या दोघांना पद्मश्री मिळाली. सरकारने मान दिला तो हातातल्या ज्ञानालाच.

वही काय करते ते गिधाडांवरून कळते. आमच्या लहानपणी मेलेले ढोर गावाबाहेर टाकले की तासाभरात गिधाडे उतरत. नव्वदच्या दशकात ती दिसेनाशी झाली. कोणी म्हणे रोग, कोणी म्हणे कीटकनाशके. शेवटी शास्त्रज्ञांनी पाकिस्तानच्या पंजाबात मेलेली गिधाडे उचलून आणली, एकेक उघडून पाहिली आणि मूत्रपिंडे तपासली. २००४ मध्ये उत्तर जाहीर झाले: डायक्लोफिनॅक. जनावरांना दुखण्यावर टोचायचे साधे, स्वस्त औषध. ते टोचलेले जनावर मेले आणि गिधाडाने खाल्ले की गिधाडाची मूत्रपिंडे बंद पडतात. भारतात २००६ साली जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. पाहा, काम कोणते होते? मेलेले जनावर आणि ते खाऊन मेलेला पक्षी. ज्याच्याजवळ वही होती त्याने कारण शोधून काढले.

म्हणून मुलीला पाठवताना शंभर पानी वही बरोबर द्या. रोज तारीख, वेळ, कोणते जनावर, काय खाल्ले, काय बदलले. दवाखान्यात असेल तर कुत्र्याचे तापमान मोजताना पाहावे. ते आपल्याहून गरम असते, ३८ ते ३९ अंश सेल्सिअस. म्हणजे हाताला गरम लागले म्हणून ताप आला असे नव्हे. गोठ्यावर असेल तर गोचीड काढून भिंगाखाली धरावी. मोठ्या गोचिडीला आठ पाय, अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लाला सहाच! गोचीड कीटक नसून कोळ्याच्या नात्यातली आहे, हे एकदा पाय मोजले की जन्मभर विसरत नाही. आणि संध्याकाळी आजोबांना विचारून त्यांनी पाहिलेले जनावरांचे आजारही त्याच वहीत लिहावेत.

जागा कोणत्या? सिंहगड रस्त्यावर पाळीव प्राण्यांचे दवाखाने आहेत. धायरी-नऱ्ह्याच्या बाजूला अजून थोडे गोठे उरले आहेत. माशांच्या दुकानातले कामही हलके समजू नये; नव्या टाकीत मासे का मरतात आणि जुन्या टाकीत का जगतात हे जो नीट सांगेल, त्याला पाण्यातल्या अमोनियाचे अर्धे शास्त्र आले. मधमाश्यांची आवड असेल तर गणेशखिंडीला केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, १९६२ पासूनची. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे पश्चिम विभागाचे केंद्र आकुर्डीला आहे. अशा सरकारी ठिकाणी तोंडी विचारून काम होत नाही. कॉलेजच्या प्राचार्यांच्या सहीचे पत्र न्यावे, मार्चमध्येच न्यावे. आणि कोठेच जमले नाही तर सिंहगडाच्या दरीत नाहीतर खडकवासल्याच्या काठावर महिनाभर दर रविवारी सकाळी एकाच जागी बसून पक्षी मोजावेत. बसभाड्यापलीकडे खर्च नाही, आणि कोणाची परवानगी लागत नाही.

काही अटी मात्र आधीच बोलून घ्या, ताई. पहिल्या दिवशी तुम्ही स्वतः बरोबर जा, जागा पाहा, संडास-पाण्याची सोय पाहा, मालकाला भेटा. येण्याजाण्याचे भाडे मिळणार का, शेवटी छापील कागदावर दाखला मिळणार का, हे विचारायला लाजू नका. चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवणे कायद्याने गुन्हा आहे आणि चौदा ते अठरामधल्या मुलांना धोक्याचे काम देता येत नाही. आठवडाभर नुसता झाडू दिला, कोणी काही दाखवत नाही, मुलीने प्रश्न विचारला की उडवून लावतात, असे दिसले तर मुलीला घरी आणा. ते शिक्षण नाही, ती वेठ आहे, मग मालक कितीही शिकलेला असो.

कुत्र्या-मांजरांत काम करणार असेल तर रेबीजची लस आधी घेता येते, डॉक्टरांना विचारा. चावले किंवा नखे लागली तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. हळद-चुना लावून बसायचे नाही. साप धरायचा नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे चारही आपल्याकडे निघतात, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय साप पकडणे, पोपट पिंजऱ्यात ठेवणे हे गुन्हे आहेत. मैत्रिणींना दाखवायला व्हिडिओ काढण्यासाठी तर मुळीच नाही.

काही घरांत वेगळी शंका असते. प्राणिशास्त्रात बेडूक फाडावा लागतो, मग पहिल्या शीलाचे काय? हे जुने झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ साली या अभ्यासक्रमातली प्राण्यांची चिरफाड बंद करायला सांगितले. आता प्रतिकृती आणि संगणकावर शिकवतात.

आता पैशांचे. बी.एस्सी.ला बारावी शास्त्र शाखा जीवशास्त्रासह लागते. जनावरांचा डॉक्टर व्हायचे असेल तर तो वेगळा अभ्यासक्रम, त्याला नीट परीक्षा द्यावी लागते. सुट्टीतल्या कामाचे गुण आपल्याकडे प्रवेशात धरत नाहीत, हे मुलीला आधीच सांगा, म्हणजे पुढे निराशा नको. आणि हेही खरे की नुसत्या बी.एस्सी.वर नोकऱ्या थोड्या. पुढे एम.एस्सी. किंवा बी.एड. किंवा वनसेवेची स्पर्धा परीक्षा, अशी पाच-सहा वर्षांची तयारी घराला ठेवावी लागते. एवढी वर्षे काढण्याआधी दोन महिन्यांत कळून घ्यावे की शेणाच्या वासाने आणि उन्हाने पोरगी कंटाळते की दुसऱ्या दिवशी आणखी लवकर उठते.

भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर दर वर्षी भरायचा असतो. जातीचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला सुट्टीतच काढून ठेवा. जूनमध्ये सेतू केंद्रावर रांग असते. गावाहून शिकायला येणाऱ्या आणि वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुलांसाठी स्वाधार योजना आहे. ती स्थानिक मुलांना नाही, म्हणून धायरीच्या मुलीने त्यात वेळ घालवू नये. पुढे कधी पीएच.डी.पर्यंत मजल गेली तर बार्टीची फेलोशिप आहे, कार्यालय पुण्यातच आहे.

सिंहगड रस्ता, नऱ्हे, वडगाव या भागात मुलांना नीट शिकवणारे पशुवैद्य कोणा वाचकाच्या ओळखीचे असतील तर विहारात सांगून ठेवावे. ताईंची मुलगी मेच्या पहिल्या आठवड्यापासून मोकळी आहे.